शाखेतून फाइल उघडायला वेळ लागतो? लाइन वाढवण्याआधी हेलपाटे मोजा

"सर, परत तसंच व्हायला लागलंय."

शाखेतून हा फोन आला की पुढचं सगळं मला पाठ असतं. एक्सेलची शीट उघडायला घेतली, पाऊण मिनिट झालं तरी खिडकी पांढरीफटक आणि वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पाँडिंग’. मेल येतात, व्हिडिओ कॉल नीट चालतो, फक्त मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवरची फाइल काही केल्या उघडत नाही. तीन महिन्यांपूर्वी हेच तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, होतं. त्याच्या आधीही होतं. दोन्ही वेळा ‘सोडवले’ म्हणून ते मीच बंद केलं होतं.

पहिल्यांदा राउटर रीस्टार्ट केला. दुसऱ्यांदा लाइन २० एमबीपीएसवरून १०० वर नेली. खर्चाच्या मंजुरीसाठी जी पत्रं लिहावी लागली त्यांची फाइल आजही माझ्याकडे आहे आणि ती लगेच उघडते, कारण ती कागदाची आहे. लाइन वाढल्यावर आठवडाभर शांतता होती. मग पुन्हा फोन. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तिसऱ्या वेळी मात्र एक गोष्ट डोक्यात खटकली. तीच ४ एमबीची शीट सर्व्हरवरून डेस्कटॉपवर कॉपी केली तर दोन सेकंदांत येत होती. सर्व्हरवरच डबल क्लिक केली की ४१ सेकंद. लाइन तीच, फाइल तीच. म्हणजे लाइनच्या रुंदीचा इथे फारसा संबंधच नव्हता.

हेलपाट्यांचं गणित

रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद लागणारच, कितीही पैसे मोजा. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, मध्ये राउटर असतात, व्हीपीएन (दोन ऑफिसांना इंटरनेटवरून जोडणारा खासगी बोगदा) असतं, त्यामुळे आकडा वाढत जातो. माझ्या त्या शाखेतून सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे छोटी हाक पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजला, की ७० मिलिसेकंद यायचे. मुख्य ऑफिसात बसून केलं की अर्धा मिलिसेकंद.

आता फाइल उघडणं म्हणजे काय ते बघा. तुमच्यासाठी एक डबल क्लिक. कॉम्प्युटरसाठी मात्र ही फाइल आहे का, मला हक्क आहे का, कुणी लॉक केली आहे का, सुरुवातीचा तुकडा दे, शेवटचा तुकडा दे, आता मधला दे, शेजारी लपलेली लॉक फाइल बनव, अशी प्रश्नांची रांग. यातले बरेच प्रश्न आधीच्या उत्तराशिवाय विचारताच येत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला एक हेलपाटा. ५०० हेलपाटे धरले तर मुख्य ऑफिसात पाव सेकंद, शाखेत ३५ सेकंद. या गुणाकारात एमबीपीएस कुठेच येत नाहीत.

कॉपी करताना असं होत नाही. एसएमबी ही विंडोजची नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची पद्धत. तिच्या २.१ पासूनच्या आवृत्त्या एका मागणीत १ एमबीपर्यंत डेटा मागू शकतात आणि उत्तर यायच्या आधीच पुढच्या मागण्या पाठवून ठेवतात. म्हणून कॉपी झटकन होते. एक्सेल, कॅडची सॉफ्टवेअर, फाइलवर चालणारे जुने हिशेबाचे प्रोग्राम मात्र छोटे छोटे तुकडे एकेक करून मागतात, कारण ते लिहिणाऱ्याने फाइल शेजारच्या डिस्कवर आहे असं धरलेलं असतं. ‘कॉपी झटपट, उघडणं रडतखडत’ हे लक्षण दिसलं की लाइनवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही.

आधी काय विचारायचं, काय मोजायचं

‘नेट स्लो आहे’ हे निदान नव्हे, ती हाक आहे. समोरच्याला मी आता चारच प्रश्न विचारतो. उघडायला वेळ लागतो की सेव्ह करायला की कॉपी करायला? एकालाच की सगळ्यांना? दिवसभर की ठरावीक वेळी? आणि एकच फाइल की कुठलीही? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नापर्यंत येईतोवर निम्मं निदान झालेलं असतं.

मग पिंग. एकदा सकाळी ऑफिस उघडायच्या आधी आणि एकदा तक्रार चालू असताना. सकाळी ७० आणि दुपारी ६०० मिलिसेकंद दिसले तर शाखेची अपलोडची बाजू कुणीतरी भरून टाकली आहे आणि मोडेमच्या बफरमध्ये पॅकेट (डेटाचे तुकडे) रांग लावून बसली आहेत. बहुतेक वेळा हा गुन्हेगार भर दुपारी चालणारा बॅकअप असतो, नाहीतर सीसीटीव्हीचं क्लाउडवर चढणारं फुटेज. बॅकअप रात्री हलवा, आणि राउटरमध्ये अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवून शेपिंग लावा, म्हणजे रांग मोडेमऐवजी तुमच्या ताब्यातल्या राउटरवर लागेल आणि तिथे एसएमबीला पुढे काढता येईल.

पिंग स्थिर असेल तर आयपर्फ, म्हणजे दोन टोकांमधला वेग मोजणारं साधन. एका टोकाला सर्व्हर, दुसऱ्या टोकाला क्लायंट. आधी एका धाग्यावर (एकाच कनेक्शनवर), मग आठ धाग्यांवर. आठ मिळून ५६ एमबीपीएस आणि एकटा धागा सातच, असं दिसलं तर टीसीपीची विंडो, म्हणजे पोच यायच्या आधी किती डेटा पाठवून ठेवता येतो ती मर्यादा, अडकली आहे. ६४ केबीच्या विंडोने ७० मिलिसेकंदांवर साडेसात एमबीपीएसच्या वर जाताच येत नाही. साधा भागाकार आहे. विंडो मोठी करण्याची सोय टीसीपीत १९९२ पासून आहे, आणि आजची कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम ती वापरते. पण कुणीतरी कधीतरी ‘ऑप्टिमायझर’ नावाचं काहीतरी चालवून ती बंद केलेली असते, किंवा मधला जुना फायरवॉल तो पर्याय पुसून टाकतो.

पॅकेट लॉसकडे, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या पॅकेटकडे, लोक फार सहज बघतात. "एकच टक्का तर आहे." जुन्या पद्धतीच्या टीसीपीसाठी ठोकळ सूत्र असं, की वेग हा लॉसच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ७० मिलिसेकंद आणि एक टक्का लॉस धरला तर एका कनेक्शनला जेमतेम २ एमबीपीएस मिळतात, लाइन १०० ची असो की हजाराची. नवी अल्गोरिदम यापेक्षा बरी वागतात, पण दिशा तीच. स्विचच्या पोर्टवर सीआरसी एरर (बिघडून पोचलेली पॅकेट) वाढताना दिसल्या तर केबल बदला, आणि दोन्ही टोकांचं डुप्लेक्स (पाठवणं आणि घेणं एकाच वेळी चालतं की आळीपाळीने) तपासा. एका बाजूला १०० फुल असं हाताने बसवलेलं आणि दुसरी बाजू ऑटोवर असली की ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्स धरते, आणि मग साध्या पिंगला काही कळत नाही पण फाइल रखडते. मीडिया कन्व्हर्टर असलेल्या जुन्या शाखांत हे अजूनही सापडतं.

छोट्या फाइली उघडतात, फोल्डरची यादी दिसते, पण मोठी फाइल अर्ध्यात गोठते, हे तिसरंच दुखणं. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटला स्वतःचं वेष्टन चढवतं, त्यामुळे १५०० बाइटचं पॅकेट आत मावत नाही. ‘मोठं आहे, लहान कर’ असा निरोप आयसीएमपीने (पिंगही ज्यातून जातं त्या पद्धतीने) परत यायला हवा, पण फायरवॉलवर पिंग सोडून बाकीचं आयसीएमपी बंद केलेलं असतं. तुकडे न करण्याचा पर्याय लावून पिंग करा, आकार १४७२ पासून खाली आणत न्या. जिथे उत्तर यायला लागेल त्यात २८ मिळवले की खरा एमटीयू, म्हणजे मावणाऱ्या पॅकेटचा सर्वात मोठा आकार, कळतो. मग राउटरवर एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार) त्याप्रमाणे कमी करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते सुचायला मला एकदा दोन दिवस लागले होते.

मेलेल्या सर्व्हरचा पत्ता

आमच्या शाखेत यातलं काहीच निघालं नाही. पिंग स्थिर, लॉस शून्य, आयपर्फ ठणठणीत. मग शाखेतल्या एका मशीनवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट टिपून दाखवणारा प्रोग्राम) लावून तिथे बसणाऱ्या बाईंना सांगितलं, "आता उघडा." त्यांनी उघडली, आणि आम्ही दोघं ४१ सेकंद पडद्याकडे बघत बसलो.

कॅप्चरमध्ये पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती एक भलीमोठी पोकळी. एसएमबीचे प्रश्नोत्तर चालू होते, आणि अचानक २१ सेकंद काहीच नाही. नीट पाहिलं तर अगदीच काही नाही असं नव्हतं. त्या वेळात ते मशीन एका भलत्याच आयपी पत्त्याच्या ४४५ पोर्टवर (एसएमबीच्या पोर्टवर) दार ठोठावत होतं. एकदा, थोडं थांबून पुन्हा, आणखी थांबून पुन्हा. तो पत्ता होता आमच्या जुन्या फाइल सर्व्हरचा, जो आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकला होता. डीएनएसमधलं (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतलं) त्याचं नाव मात्र कुणी काढलं नव्हतं. कुणी म्हणजे मी.

शीटमध्ये तीन सेल अशा होत्या की त्यांचा फॉर्म्युला जुन्या सर्व्हरवरच्या दुसऱ्या शीटकडे बोट दाखवत होता. एक्सेल इमानदारीने दर वेळी तिला शोधायला जायचं.

मग मुख्य ऑफिसात हे कधी का जाणवलं नाही? तिथे तो पत्ता त्याच नेटवर्कमधला. एआरपीला, म्हणजे ‘हा पत्ता कुणाचा?’ या हाकेला, उत्तर आलं नाही की विंडोज दोन-तीन सेकंदांत हात टेकतं. शाखेतून जाणारं पॅकेट व्हीपीएनमधून फायरवॉलपर्यंत पोचायचं आणि तो ते गुपचूप टाकून द्यायचा. नकारही नाही, होकारही नाही. नकार मिळाला असता तर बरं झालं असतं. मौनामुळे पूर्ण टाइमआउट भोगावा लागला. मुख्य ऑफिसातल्या माणसाला ‘इथे तर उघडतंय’ असं वाटण्यामागे अंतर सोडून हेही एक कारण असतं.

लिंक तोडल्या, डीएनएसमधली नोंद काढली, ४१ चे २० सेकंद झाले. उरलेल्या २० मध्ये २६० हेलपाटे होते, म्हणजे १८ सेकंद प्रवासातच. वायरशार्कच्या आकडेवारीच्या मेनूत सर्व्हिस रिस्पॉन्स टाइम म्हणून पर्याय आहे, त्यात एसएमबी२ निवडलं की कुठल्या प्रकारची मागणी किती वेळा गेली याचा तक्ता मिळतो. आमच्या तक्त्यात फाइल उघडण्या-बंद करण्याच्या मागण्याच ढिगाने होत्या. एकच शीट, पण एक्सप्लोररचा प्रीव्ह्यू तिला एकदा उघडून बघत होता, अँटिव्हायरस दुसऱ्यांदा, आणि मग कुठे एक्सेलची पाळी. सर्व्हरवर अँटिव्हायरस आहेच, तेव्हा शाखेच्या मशीनवरचं नेटवर्क ड्राइव्हचं स्कॅनिंग बंद केलं, प्रीव्ह्यू पेन बंद केला. हेलपाटे १२० वर आले, वेळ १० सेकंदांवर. या सगळ्यात लाइनला हातही लावला नव्हता.

वर्डमध्ये याचाच भाऊबंद आहे: डॉक्युमेंटला जोडलेलं टेम्पलेट. ज्या सर्व्हरवरच्या टेम्पलेटवरून पत्र बनवलं तो सर्व्हर गेला, तरी पत्राच्या पोटात त्याचा पत्ता राहतो, आणि त्या पत्राची कॉपी करून बनवलेल्या प्रत्येक नव्या पत्रातही उतरतो. डेस्कटॉपवरचे जुने शॉर्टकट आणि लाल फुली पडलेले मॅप्ड ड्राइव्ह यांचंही तेच. ती लाल फुली शोभेची नसते, एक्सप्लोरर अधूनमधून तिकडे चक्कर मारून येतो.

बरं झालेलं पुन्हा का बिघडतं

या तिकिटाची खरी कटकट ही. एकदा दुरुस्त करून भागत नाही, कारण फाइली, फोल्डर, सबनेट सगळं हलत असतं.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे ऑफिसातल्या मशीन आणि वापरकर्त्यांच्या विंडोजच्या नोंदवहीत, साइट्स आणि सबनेट (जागा आणि त्यांच्या आयपी रेंज) नावाचा एक कोपरा आहे, जिकडे कुणी फिरकत नाही. डीएफएस नेमस्पेस (अनेक सर्व्हरवरच्या फोल्डरांना एकच पत्ता देणारी सोय) वापरत असाल तर शाखेच्या मशीनने कुठल्या सर्व्हरकडे जायचं हे त्या यादीवरून ठरतं. शाखेने जागा बदलली, नवीन आयपी रेंज मिळाली, पण ती रेंज कुठल्याच साइटला जोडली नाही, की मशीन पोरकं होतं. मग शाखेतल्या शाखेत सर्व्हर असूनही ते तिसऱ्याच गावच्या टार्गेटकडे जाऊ शकतं. कधी जवळचा सर्व्हर लागतो, कधी लांबचा, म्हणून तक्रारही ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी येते. डोमेन कंट्रोलरवरच्या (ही नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच्या) नेटलॉगऑनच्या लॉगमध्ये ‘नो क्लायंट साइट’ अशा नोंदी शोधा. सबनेटची नोंद नसलेली मशीन तिथे आयपीसकट सापडतात. नवीन शाखा सुरू करताना राउटर, स्विच, प्रिंटर या यादीत ही सबनेटची नोंदही हवी.

फोल्डर वाढत जातात हे दुसरं. ‘स्कॅन’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये हजारो फाइली साचतात. विंडोज फोल्डरची यादी थोडा वेळ स्वतःकडे जपून ठेवतं, पण ती मुदत मुळात १० सेकंदांची, आणि यादी फार मोठी झाली की ती जपलीच जात नाही. वर्षवार, महिनावार फोल्डर पाडले की एवढ्यानेच जाणवण्याइतका फरक पडतो. हे काम आयटीचं नाही असं मी पूर्वी म्हणायचो. आता वर्षाच्या सुरुवातीला स्वतःच स्क्रिप्ट चालवून फोल्डर पाडून देतो, वाद घालण्यापेक्षा ते लवकर होतं.

सेटिंगचं बोलायचं तर फार थोडं आहे. शाखेच्या मशीनवर पॉवरशेलमध्ये एसएमबी कनेक्शनची यादी काढा आणि ‘डायलेक्ट’चा (एसएमबीच्या आवृत्तीचा) रकाना बघा. तिथे ३ ने सुरू होणारा आकडा हवा. १.५ सारखं काही दिसलं तर दुसऱ्या टोकाला एखादा जुना नॅस (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) बसलेला आहे. एसएमबी १ तुकडे छोटे मागते, हेलपाटे जास्त घालते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तर २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनंतर तिला दारात उभं करू नये. शिवाय विंडोजचा एसएमबी क्लायंट लांबच्या कनेक्शनवर मुद्दाम हात आखडता घेतो. ते ‘बँडविड्थ थ्रॉटलिंग’ क्लायंटच्या सेटिंगमधून बंद करता येतं. याने मोठ्या कॉपीचा वेग वाढतो, हेलपाटे कमी होत नाहीत. इंटरनेटवर सापडणारे बाकीचे रजिस्ट्रीचे नुस्खे मी करून पाहिले आहेत आणि निम्मे परत काढताना घाम फुटला आहे.

फाइल जवळ न्यायची की माणूस?

एवढं सगळं करूनही १० सेकंद उरतात, आणि रोज शंभर फाइली उघडणाऱ्याला १० सेकंदही जाचतात. मग अंतरच मिटवावं लागतं.

ब्रँचकॅश हा विंडोजचाच उपाय. शाखेत एकाने वाचलेली फाइल दुसऱ्याला शाखेतूनच मिळते. आम्ही तो मोठ्या उत्साहाने लावला आणि काडीचाही फरक पडला नाही. कारण ग्रुप पॉलिसीत लेटन्सीचा (उत्तराला लागणाऱ्या वेळाचा) उंबरठा मुळात ८० मिलिसेकंदांचा असतो, आणि आमची शाखा ७० वर! तिच्या दृष्टीने आम्ही जवळचेच. उंबरठा खाली आणल्यावर मोठ्या पीडीएफ आणि ड्रॉइंगना चांगला उपयोग झाला. पण तो फक्त वाचायला. लिहिणं थेट मुख्य सर्व्हरवरच होतं. ६४ केबीपेक्षा लहान फाइली तो धरत नाही, आणि हक्क तपासण्याचे हेलपाटे चुकत नाहीत.

डीएफएस रेप्लिकेशनने दोन्हीकडे प्रत ठेवता येते आणि फाइल खरोखर शेजारच्या डिस्कवर येते. फक्त एक लक्षात ठेवा, या दोन प्रतींमध्ये लॉक नसतं. दोघांनी दोन्हीकडे एकच शीट उघडून सेव्ह केली तर जी नंतर सेव्ह झाली ती टिकते आणि दुसऱ्याची मेहनत एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. ज्या फोल्डरमध्ये एकाच बाजूचे लोक लिहितात तिथे ठीक, सामायिक हिशेबाच्या शीटला बिलकूल नको. स्टेजिंगचा (पाठवायच्या फाइली तात्पुरत्या ठेवायच्या जागेचा) कोटा मुळात ४ जीबी असतो; मोठ्या फाइली असतील तर तो आधीच वाढवून ठेवा, नाहीतर रेप्लिकेशन मागे पडत जातं.

डॉक्युमेंटं आणि शीट शेअरपॉइंट किंवा वनड्राइव्हवर नेल्या तर प्रत मशीनवरच सिंक होते आणि एकाच वेळी अनेकांनी लिहिण्याची सोयही मिळते. नेण्याआधी जुनी फोल्डरमधली फोल्डरं सपाट करा, कारण तिथे पूर्ण पाथला ४०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि आपल्याकडे ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन खरं’ अशी नावं ठेवायची पद्धत ती मर्यादा सहज ओलांडते.

अ‍ॅक्सेसची डेटाबेस फाइल आणि फाइलवर चालणारं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर यांच्या बाबतीत मी आता चर्चाच करत नाही. ती लांबून उघडू नयेत. नुसती हळू चालतील म्हणून नाही, मध्ये व्हीपीएन तुटलं तर फाइल खराब होते म्हणून. आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल) नेटवर्कवर ठेवणं तर खुद्द मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही. या लोकांसाठी मुख्य ऑफिसात सर्व्हरशेजारी रिमोट डेस्कटॉप द्या. हेलपाटे तिथल्या तिथे होतात आणि लांबचा प्रवास करते ती फक्त पडद्याची चित्रं आणि कळांचे ठोके. ७० मिलिसेकंदांवर टाइप करताना किंचित जाणवतं, दोन दिवसांत सवय होते. प्रिंटरचं मात्र आधी जमवून घ्या, नाहीतर पुढचा फोन त्याचा येतो.

आमच्या त्या शाखेत हिशेबाचे चौघे रिमोट डेस्कटॉपवर गेले, बाकीच्यांच्या शीट सिंकवर, ड्रॉइंग ब्रँचकॅशवर. तिकीट बंद करताना यावेळी ‘सोडवले’ऐवजी चार आकडे लिहिले: सकाळचा पिंग, दुपारचा पिंग, त्या शीटला लागलेले सेकंद आणि हेलपाट्यांची संख्या. पुढच्या वेळी फोन आला की आधी हेच चार आकडे पुन्हा काढायचे आणि कुठला हलला ते बघायचं. परवा आलाच. पिंग दोन्ही वेळचे तेच, हेलपाटे १२० चे २४०. प्रीव्ह्यू पेन कुणीतरी परत चालू केला होता आणि नव्या अँटिव्हायरसमध्ये नेटवर्क स्कॅनची खूण पुन्हा पडली होती.